हक्काची अक्का

अक्का हसायला लागली की तिला उभं राहता येत नसे. आधी ती भिंत धरायची, मग स्टूल, आणि हाताशी काहीच नसेल तर सरळ जमिनीवर बसायची. बेंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत ट्रान्सफॉर्मरची कॉइल गुंडाळायचा आमचा छोटा कारखाना होता. आम्ही दहा-बाराजणी तिथे कामाला, आणि दिवसातून एकदा तरी सगळ्याजणी अक्काला उठवायला धावायचो. ती निपाणीकडची, मराठी आणि कानडी एकाच वाक्यात घालायची. मी बेंगळूरमध्येच वाढलेली मराठी मुलगी, म्हणून माझ्यावर तिचा जरा जास्त जीव.

नव्वदच्या दशकात एका सकाळी दारावर नोटीस लागली : महिनाअखेरीस कारखाना बंद. आमच्यातली सरोजा तिथेच रडायला लागली. मालकांनी एकेकीला आत बोलावलं. "राजीनामा लिहून दे आणि या महिन्याचा पगार आत्ताच घेऊन जा." मी तर पेन उचललंही होतं. अक्का मागून आली, माझ्या हातातलं पेन काढून तिनं आपल्या अंबाड्यात खोचलं आणि म्हणाली, "साहेब, बंद करताय तुम्ही, आणि राजीनामा आम्ही कशाला द्यायचा?" मग स्वतःच्याच बोलण्यावर हसत खाली बसली. मालकांनाच उठून तिला पाणी द्यावं लागलं.

त्या दिवसापासून तिचं एकच पालुपद : "आपण त्यात बसतोय का ते बघू की." 'त्यात' म्हणजे कायद्यात. कामगार खात्याच्या कचेरीत जाऊन तिनं सगळं विचारून आणलं आणि दुपारच्या जेवणात आम्हाला शिकवलं.

"कारखाना त्यांनी बंद केला, आपण सोडला नाही. बसलो?"

"बसलो!" आम्ही डब्यांची झाकणं वाजवायचो.

"वर्षभर सलग काम केलंय. बसलो?"

"बसलो!"

"मग भरपाई मिळायलाच पाहिजे. कायदा म्हणजे आपली पीण्याची बस गं. लांबून वाटतं, जागाच नाही. चढायचं आणि म्हणायचं, स्वल्प सरका!"

तेव्हापासून आम्ही तिला 'हक्काची अक्का' म्हणू लागलो.

सगळ्यांच्या वतीनं अर्ज तिनंच कानडीत लिहिला. कारखाना बंद होण्याच्या दुसऱ्याच दिवशीची सुनावणीची तारीख लागली, तशी तिनं तालीम सुरू केली. काजळानं मिशा काढून ती अधिकारी व्हायची. "कधीपासून कामाला आहेस?" असं तिनं दरडावून विचारल्यावर सरोजा घाबरून म्हणाली, "जन्मापासून." त्या दिवशी अधिकारी मिशांसकट जमिनीवर लोळले.

खऱ्या अधिकाऱ्यांना मिशाच नव्हत्या. त्यांना बघताच आम्ही पदर तोंडात कोंबले. पण मालक बोलायला लागले आणि हसू विरलं. "या बायका हंगामी, साहेब. काम निघालं की चार दिवस यायच्या. मला यांची नावंसुद्धा नीट ठाऊक नाहीत." हे खरं धरलं असतं तर आम्ही वर्षभराच्या अटीत बसलोच नसतो. हजेरीचा कागद कधी आमच्या हाती आला नव्हता.

"मग तुम्ही तिथे नेमकं काय करत होतात?" अधिकाऱ्यांनी आम्हाला विचारलं.

तालमीतलं एकही वाक्य कुणाला आठवेना. अक्कानं उजवा हात पुढे केला आणि हवेतच यंत्राचं हँडल फिरवायला लागली. डाव्या हाताच्या चिमटीत जणू तांब्याची तार. मग मी सुरू केलं. मग सगळ्यांनीच. ओळीत उभ्या राहून आम्ही कचेरीत हवेची कॉइल गुंडाळत होतो, सगळ्यांचे हात एका लयीत. सरोजाचा हात मात्र नेहमीसारखा भरधाव सुटला.

"सरोजा, निधान! सावकाश!" मालक ओरडले. "तार तुटेल! किती वर्षं सांगतोय तुला!"

आणि त्यांनी स्वतःच तोंडावर हात ठेवला.

अधिकाऱ्यांनी फाइल चेहऱ्यासमोर धरली. फाइल हलत होती. अक्का भिंत शोधत शोधत खाली बसली. शेवटी मालकही हसले. "सरी, सरी, ठीक आहे. कायद्यानं जे होतं ते देतो." आणि दिलंही.

कचेरीतून बाहेर पडून आम्ही मसाला डोसा खाल्ला, एकमेकींच्या ताटातलाही खाल्ला. मग हात धुताना अक्कानं हळूच विचारलं, "उद्या सकाळी उठून कुठं जायचं गं?" मी म्हटलं, "माझ्या घरी या."

दुसऱ्या दिवशी कामाच्या वेळेला यशवंतपूरच्या आमच्या दारात सगळ्याजणी हजर, प्रत्येकीच्या हातात डबा. आई दचकली. "आज सुट्टी का गं?"

"कायमचीच, वहिनी!" अक्का म्हणाली.

आमची ही बिनपगारी ड्यूटी बरेच दिवस चालली. अक्कानं सगळ्यांची नावं रोजगार कचेरीत नोंदवून घेतली, ओळखीपाळखीत शब्द टाकला. एकेकीला काम लागत गेलं आणि आमच्या ओसरीवर जागा होत गेली. शेवटी अक्का आणि मी उरलो. मग मला शहराच्या दुसऱ्या टोकाला, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कारखान्यात काम मिळालं. ते तिला सांगायला माझी जीभ रेटेना.

"लागलं ना?" तिनंच विचारलं. तिला हुबळीला लेकीकडे राहायला जायचं होतं. माझ्यासाठीच थांबली होती, हे तेव्हा कळलं. निघताना तिनं आपला न उघडलेला डबा माझ्या हातात दिला. "उद्या घेऊन जा, नलू. नव्या जागी कुणी ओळखीचं नसतं. भाजी जास्त असली की होतं."

त्यानंतर आमची भेट झाली नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मोठ्या, अनोळखी कँटीनमध्ये मी तो डबा टेबलाच्या मधोमध ठेवला. भरली वांगी होती. जेवण संपेपर्यंत मला सगळ्यांची नावं पाठ झाली होती.