माझ्या नावानं परत आलेली पत्रं

दादा बाबांशी भांडून मस्कतला गेला. कापसात काही राहिलं नाही, म्हणाला. त्यानंतर घरातलं त्याचं बोलणं फक्त माझ्याशी, आणि तेही ईमेलवर. दर शनिवारी मी मारेगावच्या इंटरनेट कॅफेत जाऊन त्याचं पत्र छापून आणायचे आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवायचे. बाबा पेपरमध्ये तोंड घालून बसायचे, पण पान उलटायचे नाहीत.

एका शनिवारी शेकडो पत्रं आलेली. सगळ्यांत एकच: तुमचं पत्र पोचलं नाही, परत पाठवतोय. आत औषधांच्या घाणेरड्या जाहिराती. मी यातलं काहीच पाठवलं नव्हतं. कॅफेवाला म्हणाला, नाव तुझं म्हणजे पत्र तुझंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबा कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर, आलेल्या कापसाची प्रत ठरवणारे. संगणकातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण हे चटकन कळलं. व्यापारी दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आपला माल आणायचे आणि कापूस ओला निघाला की बोंब त्या शेतकऱ्याच्या नावानं. बाबा ओली गाडी आत घेतच नसत. जो घेऊन आला त्याच्या तोंडावर तिथंच नाही म्हणायचं. आधी आत घ्यायची आणि मग कागदावरच्या नावाला परत पाठवायची, हा त्यांच्या मते अर्धा चोरपणाच. तुझा दोष नाही, म्हणाले. मला बरं वाटलं.

त्या कचऱ्यानं माझ्या ईमेलची जागा भरली होती, ती मी रिकामी केली. पण दादाचं पत्र पुन्हा आलं नाही. मी लिहीत राहिले. दोन वर्षं गेली. रस्त्यात कुणी त्याच्यासारखं चालताना दिसलं की मी मागोमाग जायचे.

मग मस्कतहून आलेल्या एकाकडून नंबर मिळाला. फोनवर दादा तुटक बोलला. त्यानं माझ्या पत्त्यावर बाबांसाठी पत्र लिहिलं होतं, परत येऊ का म्हणून. ते इंग्रजीत शेरा मारून परत आलं: स्वीकारलं नाही. त्यानंतर त्यानं आपलं ईमेल उघडलंच नाही, माझी पत्रंही वाचली नाहीत. मी रडत सगळं समजावलं. जागा भरली होती, कुणीतरी माझं नाव वापरलं होतं.

बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"तिचा दोष नाही. मशीनचाही नाही. तू निघाला त्या दिवशी मीच म्हटलं होतं, आता या घरात येऊ नको. म्हणून पत्र मीच परत पाठवलं, हे तुले खरं वाटलं."