काचेच्या जागी पत्रा

आई पहिल्यांदा जपानला आली ती ऐन थंडीत, तीन महिन्यांच्या व्हिसावर. वडील गेले तेव्हा मी इथे कुठल्याशा बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये अडकलो होतो आणि पुण्याला पोहोचलो ते सगळं आटोपल्यावर. ते ओझं मी अजून वागवतो. म्हणून तिचा एकटीचा पहिला हिवाळा तरी आमच्या घरी जावा, असा हट्ट मी धरला होता.

मी आणि बायको हिगाशी-कसाई भागात दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. आमचा गॅसचा हीटर खोलीतच जळायचा आणि जळलेला वायूही खोलीतच सोडायचा, त्यामुळे मधूनमधून खिडकी उघडावी लागे. खिडकी बंद असली की आईचा दमा उसळायचा, उघडली की ती काकडायची. माकडटोपी, दोन स्वेटर आणि वर माझा कोट घालून ती सोफ्यावर पाय घेऊन बसायची. थोड्याच दिवसांत म्हणाली, "माझं तिकीट अलीकडचं करून दे बाबा. खोकायचंच आहे तर आपल्या गॅलरीत उन्हात बसून खोकेन."

तिकीट नाही, हीटर बदलायचा, असं मी ठरवलं. बाहेरची हवा नळीने आत घेणारे आणि जळलेला वायू नळीनेच बाहेर टाकणारे हीटर मिळत होते. पण त्यासाठी भिंतीला भोक पाडावं लागतं.

शेजारी राहणारा मुंबईकर ऐकून हसला. "येडा झालास का? तीन महिन्यांसाठी भिंत फोडतोस! काकूंना गरम पाण्याची पिशवी दे आणि सीरियल लावून दे."

"तुझ्या आईलाही हेच देशील?"

"माझी येतच नाही रे," तो म्हणाला.

घरमालकीण खालच्याच मजल्यावर राहायची. म्हातारी, नीटनेटकी, बोलायला गोड. मी दारात उभं राहून सगळं सांगितलं. तिने मान कलती केली, दातांमधून हवा आत ओढली आणि म्हणाली, "ते जरा..." पुढे काहीच नाही. जपानी ऑफिसात काही वर्षं काढली की कळतं, हा पूर्ण नकार असतो. अशा वेळी 'सुमिमासेन' म्हणत माफी मागायची, कमरेतून वाकायचं आणि निघायचं. मी दिवसभर तेच करत असे. क्लायंटपुढे, साहेबापुढे, ट्रेनमध्ये ज्याने माझ्याच पायावर पाय दिला त्याच्यापुढेसुद्धा. त्या दिवशी मी वाकलो नाही.

"जरा काय?" मी विचारलं.

तिला असं कधी कुणी विचारलं नसावं. "जरा... अवघड आहे."

"मग तुम्ही वर या आणि अवघड काय ते बघून सांगा."

हा उद्धटपणा होता. मला कळत होतं, तरी मी दारातून हललो नाही. शेवटी ती आली.

आईने सरकून तिला सोफ्यावर जागा केली. "या, बसा," असं मराठीतच म्हणाली आणि पुढचं खोकल्यात गेलं. घरमालकिणीने उठून स्वतः खिडकी लावली. खोकला वाढला तशी तिनेच ती पुन्हा उघडली. गळ्यातला मफलर आवळून घेत तिने खिडकीची चौकट निरखली. मग म्हणाली, "भिंत नाही. काच काढा. घर सोडाल तेव्हा होती तशी बसवा."

गॅस कंपनीचा माणूस आला. बाल्कनीकडच्या खिडकीची एक काच काढून तिथे त्याने पत्रा बसवला, पत्र्याला गोल भोक पाडलं आणि त्यातून नळी बाहेर काढली. एकात एक अशा दोन नळ्या: आतलीतून जळलेला वायू बाहेर, भोवतीच्या पोकळीतून ताजी हवा आत. काढलेली काच आम्ही चादरीत गुंडाळून कपाटामागे ठेवली.

आई बारकाईने बघत होती. "एकाच तोंडाने आत आणि बाहेर? म्हणजे उष्टी हवाच की!"

"नाही हो आई, दोन्ही वाटा वेगळ्या आहेत," बायको म्हणाली. "आणि बाहेर त्या तोंडाशी काही येता कामा नये, असं सांगितलंय त्यांनी."

"बरं. पण एवढी ऊब फुकट बाहेर सोडायची?"

ते तिला सोसवलं नाही. एक दिवस तिने धुतलेली साडी वाळायला नेमकी त्या नळीच्या तोंडावर घातली. हीटर कोंडला, पिपाणीसारखा ओरडला आणि आपोआप बंद पडला. बायकोचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मी माफी न मागता उठलो.

घरी आलो तर खिडक्या सताड उघड्या आणि आई बॅग भरत होती.

"माझ्यानं इथं काही धड होत नाही. सगळ्यांना गुदमरवलं असतं मी. तिकीट काढ."

"नाही काढणार."

"अरे, चुकलं माझं."

"चुकलं. तरी नाही काढणार."

मी साडी उचलून बाल्कनीच्या दुसऱ्या टोकाला वाळत घातली, नळीचं तोंड मोकळं असल्याचं पाहिलं, खिडक्या लावल्या आणि हीटर सुरू केला. आई बॅगेशी तशीच बसून राहिली. हळूहळू खोली तापली, आणि ती खोकली नाही. मग तिने माकडटोपी काढली, घडी करून बॅगेत टाकली आणि बॅग कपाटात ढकलली.

व्हिसा संपेपर्यंत ती राहिली. पुढच्या थंडीत पुन्हा आली. तिची बॅग वर नेताना शेजारचा मुंबईकर जिन्यात भेटला. "तीन महिन्यांसाठी एवढं सगळं?"

"हो," मी म्हणालो, "तीन महिन्यांसाठी."