खारेबंदरची दिल्ली शाखा

दिल्लीत कोकणातलं काहीही विकायला उभे राहा, ते विकलं जाईल न जाईल, किस्सा मात्र हमखास घरी येतो. आमच्याकडे तर इतके साठलेत, की पाहुण्यांचा चहा उकळेपर्यंत दोन होतात आणि चहा निवेपर्यंत बाकीचे. नवरा म्हणतो, "लिहून टाक एकदा, म्हणजे मला दर वेळी नव्याने हसायला नको!"

तर घ्या, लिहिते.

आधी ओळख करून देते. खारेबंदर हे आमचं गाव, अगदी समुद्रावर. नगरपरिषद आहे म्हणून त्याला शहर म्हणायचं. बाजाराचा एक रस्ता आहे, एक जेटी आहे, आणि मुलं बारावी झाली की मुंबईची गाडी पकडतात. नगराध्यक्षा रेहाना मुकादम. निवडून येण्याआधी त्या गावातल्या शाळेत गणित शिकवायच्या, म्हणून अख्खं गाव त्यांना अजूनही 'टीचर' म्हणतं. त्यांनी डोक्यात घेतलं की बचत गटांच्या बायकांचा माल बाहेर विकायचा आणि बाहेरच्या लोकांना गावात, घराघरात राहायला बोलवायचं. म्हणजे निदान काही मुलं तरी घरी टिकतील. मग त्यांनी गाव सोडून गेलेल्या एकेका विद्यार्थ्याला फोन लावायला सुरुवात केली.

मला फोन आला तो ऑफिसात. मी दिल्लीत केंद्राच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, केस पिकलेले, समोर अंडर सेक्रेटरी बसलेले.

"नीलम, मुकादम टीचर बोलतेय."

मी ताडकन उभी राहिले! मला उभी राहिलेली बघून अंडर सेक्रेटरीही उभे राहिले. त्यांना वाटलं, मिनिस्टरांचा फोन!

"दिल्लीच्या हिवाळी मेळ्यात आपल्या गावाला स्टॉल मिळालाय. तू बघायचंस."

"टीचर, पण माझं ऑफिस..."

"पण नाही."

झालं. खारेबंदरची दिल्ली शाखा अशी उघडली. दिल्लीतल्याच द्वारकेत मी, फरीदाबादला शरयूताई (माहेर खारेबंदर, नवरा कारखान्यात इंजिनियर) आणि लक्ष्मीबाई नगरचे मेश्रामसाहेब. मेश्रामसाहेब मूळचे भंडाऱ्याचे, पण त्यांची बायको वैशाली आमच्या गावची. म्हणजे गावाचे जावई. अख्ख्या दिल्लीत आम्ही तेवढेच!

*

पहिला दिवस सोलकढीने गाजवला.

शरयूताईंनी पहाटे उठून मोठं पातेलं भरून सोलकढी केली. एक पंजाबी आंटी आल्या, ग्लासात डोकावल्या आणि खूश झाल्या. "अरे वाह, स्ट्रॉबेरी शेक!"

आम्ही काही बोलायच्या आत त्यांनी मोठा घोट घेतला. चेहरा बघण्यासारखा झाला. मग त्यांनी शरयूताईंच्या कानाशी येऊन, दुकानदाराची इज्जत राखत हळूच सांगितलं, "बेटा, इसमें किसी ने लहसुन गिरा दिया है."

शरयूताईंनी कोकम, नारळ, पचन असं सगळं समजावलं. आंटींनी शांतपणे ऐकलं, ग्लास संपवला आणि निघून गेल्या. आम्हाला वाटलं, गिऱ्हाईक गेलं.

तासाभराने आंटी परत हजर, सोबत दोन नणंदा, एक सून. लांबूनच ओरडल्या, "वो लहसुन वाला स्ट्रॉबेरी शेक, चार गिलास!"

शरयूताई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नीलम, मी आयुष्यात यांना सोलकढी म्हणायला लावणार नाही. पातेलं रिकामं होतंय, तोवर ते शेकच आहे!"

*

आता मेश्रामसाहेब.

माल विकणं कुणालाही जमेल, पण गाव विकावं मेश्रामसाहेबांनी. पर्यटनाचं टेबल त्यांच्याकडे होतं. हात पसरून लाटांचं असं वर्णन करायचे की समोरचा माणूस पॅन्ट दुमडायला वाकावा. "इमॅजिन कीजिए, सुबह-सुबह समुंदर में से सूरज निकल रहा है, लाल-लाल..."

शरयूताईंनी त्यांना बाजूला घेतलं. "साहेब, आपल्याकडे सूर्य समुद्रात बुडतो. उगवतो तो मागच्या डोंगरातून."

साहेबांनी कपाळावर हात मारला. "मग आधी सांगायचं ना ताई! सकाळपासून अर्ध्या दिल्लीला उगवून दाखवला मी!"

तेव्हा कळलं, साहेबांनी समुद्र बघितलेलाच नव्हता! लग्न झालं नागपूरला, तिथून पोस्टिंग थेट दिल्ली. दर वर्षी सासरी जायचं ठरायचं आणि दर वर्षी सासूबाईच इकडे यायच्या.

तेवढ्यात एका गृहस्थाने विचारलं, "पानी कैसा है वहाँ का?"

साहेबांनी ते पाणी कुठे बघितलेलं! पण जावई माणूस, गावाची अब्रू हातात. छातीवर हात ठेवून म्हणाले, "खारा! गारंटी से!"

पुढच्या वर्षी वैशालीने एलटीसी, म्हणजे सरकारी प्रवास सवलत, घ्यायला लावून त्यांना खारेबंदरला नेलंच. नेमकी मीही गावी होते. साहेब बूट हातात घेऊन वाळूवर उभे राहिले. लाट आली, पायांवरून गेली, पुन्हा आली. दिवसभर बोलणारा माणूस, तोंडातून शब्द नाही. वैशाली घाबरली. "अहो, बरं वाटतंय ना?"

बऱ्याच वेळाने साहेब म्हणाले, "बाप्पा! मी तर लोकांना फारच कमी सांगून राहिलो होतो!"

*

बोंबलांचा किस्सा मी आमच्या सोसायटीत कधी सांगितलेला नाही. इथे सांगते.

मेळ्याआधी गावाहून खोकी माझ्याच फ्लॅटवर यायची. एका वर्षी बचत गटाने सुके बोंबील पाठवले. पॅकिंग नवं, सुंदर, वर होडीचं चित्र. फक्त वास आतच ठेवायचा असतो, हे पॅकिंगला कुणी सांगितलेलं नव्हतं. डिसेंबरचे दिवस, सगळ्यांच्या खिडक्या बंद. खोकी लिफ्टने वर आली आणि वास प्रत्येक मजल्यावर उतरत उतरत आला.

अर्ध्या तासात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज: 'गॅस लीक? कृपया कोई माचिस न जलाए!' मग दुसरा: 'बहुत तेज़ है, सातवीं मंज़िल से आ रहा है.' सातव्यावर आम्ही! नवरा म्हणाला, "आपण घर बदलूया का? आजच?" मुलगी म्हणाली, "मी हॉस्टेलला राहते असं सांगा."

सेक्रेटरींनी गॅसवाल्याला बोलावलं. तो मशीन घेऊन एकेक मजला तपासत वर आला. आमच्या दारात मशीन गप्प, पण त्याचंच नाक थरथरलं. त्याने आत पाहिलं, खोकी पाहिली, मग दार लोटून हळूच विचारलं, "मैडम... शुटकी?"

गडी बंगालचा! डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. "माँ बनाती थी. बैंगन डाल के. दिल्ली आया, तब से सूँघा भी नहीं."

मी दोन पाकिटं त्याच्या हत्यारांच्या पिशवीत घातली. तो खाली गेला. आम्ही तिघंही फोनकडे बघत बसलो. थोड्या वेळाने ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आला: 'लीकेज मिल गया. मैकेनिक साथ ले गया है. घबराने की कोई बात नहीं.'

*

टीचर एकदा स्वतः आल्या. गावात घरोघरी पाहुणे ठेवायच्या योजनेला मदत हवी होती, म्हणून मी त्यांना एका ऑफिसात घेऊन गेले. मोठे साहेब, मोठं टेबल. आमच्या आधी आलेल्या शहराने पडद्यावर काचेच्या इमारती दाखवल्या होत्या. टीचरकडे हातातली पर्स आणि सोबत मी.

साहेबांनी घड्याळ बघत विचारलं, "मैडम, आपके शहर की यूएसपी क्या है?"

टीचरनी माझ्याकडे पाहिलं. मी कुजबुजले, "म्हणजे आपल्याकडे असं काय आहे, जे दुसरीकडे नाही?"

टीचर अस्सल खारेबंदरी हिंदीत म्हणाल्या, "साहेब, हमारे उधर शाम को जेटी पे सब लोग बैठते. मच्छीवाली बैठती, डॉक्टर बैठता, मैं बैठती. बातें करते. जिसकी बोट आने को लेट होती, उसके घर के साथ सब रुकते. बोट आई, की घर जाते."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, गेली आपली योजना.

मग ते म्हणाले, "मैडम, मैं जिस बिल्डिंग में रहता हूँ, वहाँ सामनेवाले का नाम मुझे उसकी शादी के कार्ड से पता चला. वो कार्ड भी गलती से आया था."

टीचरनी लगेच विचारलं, "फिर गए की नहीं शादी में?"

"नहीं."

"जाना चाहिए था," टीचर म्हणाल्या, शाळेतल्या आवाजात. आणि साहेब, शपथेवर सांगते, "सॉरी मैडम" म्हणाले!

योजनेचं काम झालं. साहेब सहकुटुंब खारेबंदरला जाऊनही आले. तिथे टीचरनी त्यांना कोळंबी सोलायला बसवलं, असं ऐकते.

*

आता सईचा किस्सा. सई माझी मुलगी. जन्म दिल्लीचा, मराठी घरापुरती. टीचरनी गावाच्या पत्रकासाठी मजकूर मराठीत पाठवला होता, त्याचं हिंदी करायचं काम मी कौतुकाने सईला दिलं. तपासायला मेश्रामसाहेब होतेच. हजारभर पत्रकं छापून झाली, शनिवारी मेळ्यात वाटूनही झाली.

त्या वर्षी मेळ्याला टीचरही आल्या होत्या. रविवारी सकाळी टीचर, सई आणि मी स्टॉलवर पोचलो, तर समोर ही रांग! सगळी तरणी पोरं, भांग पाडलेली, हातात फाइली. एकजण पुढे आला. "मैडम, भर्ती यहीं होगी?"

मी पत्रक उघडलं. मूळ मराठी वाक्य होतं, 'खारेबंदरला दिवसातून दोनदा भरती येते. वेळ आधी विचारून घ्यावी.' सईने लिहिलं होतं, 'खारेबंदर में दिन में दो बार भर्ती होती है. समय पहले पूछ लें.'

"अगं, समुद्राची भरती!" मी सईवर ओरडले.

"समुद्राची कसली भरती?" ती रडवेली. "तूच तर ऑफिसमधून आलीस की म्हणतेस, भरती निघाली, भरती थांबली!"

मेश्रामसाहेबांकडे वळले, तर ते म्हणाले, "मी वाचलं होतं ना. मला वाटलं, गाव बरंच पुढे गेलंय."

टीचर मात्र हसल्या नाहीत. त्या स्टुलावर चढल्या आणि रांगेला सगळं समजावलं. समुंदर का पानी ऊपर आता है, फिर नीचे जाता है, उसको हम भरती बोलते. मागून एकजण ओरडला, "मतलब वहाँ भी पानी को ही मिली!" सगळे हसले. टीचरनी सगळ्यांना चहा पाजला. पोरं पांगली.

एकजण कप हातात घेऊन तिथेच राहिला. मनोज, बिहारचा, फरीदाबादला राहायचा. तो कामाला होता तो कारखाना बंद पडला होता.

"क्या आता है तेरे को?" टीचरनी विचारलं.

"आईटीआई किया है. फ्रिज, एसी का काम."

टीचर एकदम सरळ झाल्या. गावातल्या बर्फाच्या कारखान्याचा मेकॅनिक आखातात निघून गेला होता. बर्फ नाही म्हणून होड्या किनाऱ्यावर, आणि आलेली मासळी पडेल त्या भावाने जायची. "बर्फ की मशीन चलाएगा?"

"चला लूँगा."

"मच्छी खाता है?"

"सीख लूँगा."

"गाँव बहुत दूर है, बेटा. घर की याद आएगी."

मनोज कप हातात फिरवत म्हणाला, "मैडम, घर तो फरीदाबाद से भी बहुत दूर है."

टीचर परत गेल्या त्या मनोजला बरोबर घेऊनच. आता तो तिथलाच झालाय. मशीन धडधडतेय, होड्या सुटताहेत. गेल्या उन्हाळ्यात मी गेले, तर जेटीवर बर्फासाठी घाई करणाऱ्या कोळणीशी मराठीत भांडत होता, आणि हरत होता.

सईने मात्र त्या दिवसापासून मराठीतून हिंदी करायचं नाव टाकलं. परवा टीचरचा फोन आला, तेव्हा मी पुन्हा एकदा तिच्या वतीने माफी मागायला लागले.

"माफी राहू दे," टीचर म्हणाल्या. "पुढचं पत्रकही तिच्याकडूनच करून घे. आपल्याला एक इलेक्ट्रिशियन हवाय!"