आपल्या हातानं पाणी

रत्नमालाच्या दारातून भंगारवाला नेहमी रिकाम्या हातानं परत जातो. मोडक्या छत्रीच्या काड्यांवर तिच्या गॅलरीतली गोकर्णीची वेल चढली आहे आणि कूलरच्या जुन्या जाळीवर कांदे सुकतात. तिचा नवरा इंद्रजीत म्हणतो, मी म्हातारा झालो की ही मलाही कशाला ना कशाला तरी वापरून घेईल. वाळूजच्या एका कारखान्यात ती बाटल्यांची झाकणं तपासते आणि नापास झालेली झाकणं साहेबांना विचारून पिशवीभर घरी आणते. शेजारीपाजारी हसतात. हसोत बापडे, हसायला काय लागतं!

ही नोकरी सासूमुळे मिळाली, हे मात्र रत्नमाला कुणी न विचारताही सांगते. आयटीआयला जायचं तिच्या मनात होतं, पण लेक अजून अंगावर पीत होती. सासूनं, म्हणजे मुक्ताबाईंनी, एक दिवस पोर सरळ आपल्या मांडीवर ओढून घेतली. "तू जा, शीक. हिला मी बघते. मला अक्षर आलं नाय, तुझ्या हातानं तरी घरात येऊ दे." सासूला ती आत्या म्हणते, आणि त्या आत्यांनी नात लहानाची मोठी केली, सून वर्गात बसवली, वर कधी त्याचा उच्चार केला नाही. असं माणूस नशिबानं मिळतं.

आता या शहरातलं पाणी. ते येतं त्या दिवशी सण, येत नाही तोवर उपास. कधी आठवड्यानं येतं, कधी त्याहून उशिरा, म्हणून घरोघरी निळे ड्रम भरलेले. ड्रम अर्धा झाला की पाण्यापर्यंत पोचायला माणसाला कमरेतून मोडून आत डोकं घालावं लागतं. मुक्ताबाई अशाच तांब्या बुडवायला वाकल्या, ओल्या फरशीवरून पाय सरकला आणि खुबा मोडला. ऑपरेशन नीट पार पडलं. काठी घेऊन त्या चालायलाही लागल्या, पण डॉक्टरांनी बजावलं होतं की आता वाकायचं नाही.

इंद्रजीत कामावर, नात शाळेत, त्यामुळे दिवसा घरात त्या एकट्या. रत्नमाला सकाळी बादल्या आणि बाटल्या भरून जायची, पण न्हाणी, संडास, भांडी सगळं त्यातच भागवायचं, त्यामुळे दुपारपर्यंत पाणी सरायचं. समोरच्या फ्लॅटमध्ये कालिंदीताई राहतात, बँकेतून निवृत्त झालेल्या, अगदी देवमाणूस. रत्नमालानं त्यांना विनवलं की दुपारी येऊन तेवढं पाणी काढून देत जा. त्या एका शब्दावर तयार झाल्या. तजवीज झाली म्हणून रत्नमाला निर्धास्त झाली, आणि चुकली ती इथंच.

आठवडाभरानं कालिंदीताईंनी तिला जिन्यात गाठलं. "अगं, मी रोज जाते, पण त्या नकोच म्हणतात. ओठ सुकलेले असतात बिचारीचे. माझं काही बोलणं लागलं का त्यांना?"

घरात शिरते तोच मुक्ताबाई म्हणाल्या, "कडूबाला फोन लाव. रविवारी मला न्यायला ये म्हणावं." कडूबा म्हणजे त्यांचा थोरला मुलगा. लासूर स्टेशनला अडतीवर कामाला असतो.

"आत्या, माझं काही चुकलं का?"

"तुझं काय चुकणार गं?" मुक्ताबाई म्हणाल्या. "माझं माहेर फर्दापूरकडचं. माझी माय घागर घेऊन आडापासून लांब बसायची. कुणाला दया आली तर वरून ओतणार. उन्हात वाट बघून बघून मी तिच्या मांडीवर झोपून जायची. कालिंदी लई भली बाई हाय, तिच्या मनात काईच नाय, मला कळतं ना. पण ती तांब्या घेऊन उभी राहिली का मला माझी माय दिसती. मंग माझा हातच पुढं होत नाय. अन् घरी आल्यागेल्याला मला घोटभर पाणी देता येईना, तर मी या घरात कोण? पाहुणीच ना?"

इतके दिवस रत्नमाला पाणी सासूजवळ कसं न्यायचं याच्याच मागे होती. सासू पाण्याजवळ कशी जाईल, हे तिनं एकदाही मनात आणलं नव्हतं. "रविवारपर्यंत दम धरा, आत्या. मग जायचंच म्हणालात तर मी स्वतः गाडीत बसवून देते," ती म्हणाली. म्हणाली खरं, पण सासू गेली तर घर खायला उठेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पहिली युक्ती कुणालाही सुचेल तीच. ड्रमला खाली तोटी. पण तोटीसाठी वाकावं लागतं. मग ड्रम उंच लोखंडी घडवंचीवर चढवावा, तर नळाच्या पाण्याला तेवढं वर चढायचा जोर नाही. आपल्या नळाची धार म्हणजे आजाऱ्याचा आवाज. मोटर लावावी, तर वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि ओल्या हातानं बटण दाबणं नको.

कारखान्याच्या कँटीनमध्ये पाण्याच्या जारवर दाबायचा पंप असतो. तसलाच एक तिनं औरंगपुऱ्याच्या बाजारातून आणला, त्याला ड्रमच्या तळापर्यंत पोचेल अशी लांब नळी जोडली आणि ड्रमच्या झाकणाला भोक पाडून वर बसवला. मुक्ताबाईंनी दाबलं, पुन्हा दाबलं, दाबतच राहिल्या. आतून नुसती हवा फुसफुसली.

"पाणी यायच्या आत माझा जीव जाईल गं बाई," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

दर वेळी नळीतलं पाणी खाली उतरून जात होतं. ते अडवायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी कामावर झाकणं तपासताना रत्नमालाला आपल्याच घरची पिशवी आठवली. नापास झाकणाला मधोमध भोक पाडलं, त्यावर रबराची चकती एका कडेनं अडकवली आणि ते नळीच्या खालच्या टोकाला बसवलं. पाणी वर जाताना चकती उघडते, परतायला लागलं की बसते. आता एकदा दाबलं की धार सुरू.

मुक्ताबाईंनी मात्र लगेच चुका काढल्या. "कळ डाव्या अंगाला घे, उजव्या हातात माझी काठी राहती. अन् हे प्लास्टिक निसटतं." रत्नमालानं पंप फिरवून बसवला आणि कळीला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली. पंपाच्या तोंडाला नळीचा तुकडा लावल्यावर बादलीही भरू लागली. अजून एक गोष्ट झाली, जी कुणी योजली नव्हती. एरवी ड्रममध्ये सगळ्यांचे तांबे बुडतात, म्हणून नवं पाणी आलं की जुनं 'शिळं' म्हणून मोरीत ओतायची गल्लीभर रीत. आता पाणी काढायला झाकण उघडायचंच नाही, तर पाणी शिळं कशानं होणार? ते ओतणंच थांबलं. कालिंदीताईंनी हे पाहून आपल्या ड्रमसाठी तसाच पंप सांगून ठेवला.

रविवारी सकाळच्या गाडीनं कडूबा आला. चपला काढून टेकतो न टेकतो तोच रत्नमाला सवयीनं पाणी आणायला उठली.

"थांब तू," मुक्ताबाई म्हणाल्या. काठी टेकत त्या ड्रमजवळ गेल्या, पंपाखाली रत्नमालानं बसवलेल्या फळीवर पेला ठेवला आणि डाव्या हातानं कळ दाबली. पेला भरला. मग दुसरा भरला. पहिला त्यांनी रत्नमालापुढं धरला. "घे. आठवडाभर राबलीस."

रत्नमालानं दोन्ही हातांनी पेला घेतला. या बाईनं आपल्याला काय काय दिलं, आणि आज पुन्हा देते आहे, एवढंच तिच्या मनात आलं आणि डोळे भरून आले. तिनं ते पुसलेही नाहीत.

कडूबा घड्याळ बघत म्हणाला, "आई, आवरलं का? गाडीची येळ व्हईल."

"व्हय, व्हईल ना. तू जेवून दुपारच्या गाडीनं जा," मुक्ताबाई दुसरा पेला त्याच्या हातात देत म्हणाल्या. "मी कुठं येऊ? मी आले तर माझ्या घरी आल्यागेल्याला पाणी कोण देईल?"