लेबल चिकटवलेली डिस्क

आमच्या ह्यांना गल्लीत कुणी नावाने ओळखत नाही. ‘शूटिंगवाले’ म्हटलं की पोरंसोरंही आमचं दार दाखवतात. पंचवीस वर्षं ह्यांनी लोकांची लग्नं आणि शाळांची संमेलनं कॅमेऱ्यात धरली. मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि धंदा बसला. माणूस मात्र स्वस्थ बसेल तर शपथ. आता पुढच्या खोलीत दोन जुने कॉम्प्युटर आणि चार डिस्क ड्राइव्ह मांडलेत. लोकांच्या कपाटात खराब होत पडलेल्या व्हिडिओ डिस्क ते हार्ड डिस्कवर उतरवून देतात.

सॉफ्टवेअर सगळं ओपन सोर्स. कुणी “फुकटातलं का वापरता?” म्हणालं की ह्यांचा पारा चढतो. “फुकटातलं नाही हो, उघडं! आत काय लिहिलंय ते कुणीही वाचावं, चूक दिसली तर दाखवावी. झाकपाक नाही.” हे भाषण मला तोंडपाठ आहे. घरात मात्र स्वतःचा चष्मा स्वतःच हरवला, हे ह्यांनी आजवर एकदाही कबूल केलेलं नाही.

परवा दुपारी गणिताचे सर आले. निवृत्त होऊन त्यांना पंधरा वर्षं झाली. चार वर्षांपूर्वी घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला रुमाल, काखेत पोरांची असते तशी पाटी. पाटीवर घरूनच लिहून आणलं होतं: ‘निरोप समारंभाची डिस्क. माझा आवाज फक्त यात उरलाय. नात तीन वर्षांची आहे. विचारते, आजोबांना बोलता येतच नव्हतं का?’

ह्यांनी वाचलं, पाटी माझ्याकडे दिली आणि सरांना पावती लिहून दिली. मूळ टेप आमच्याकडे असण्याचा प्रश्नच नव्हता. ती पुढच्याच लग्नाला पुन्हा वापरली होती, तेव्हा सगळेच तसं करायचे.

सरांनी पाकिटातून डिस्क काढली. वर चकचकीत कागदाचं गोल लेबल, त्यावर शाळेच्या फाटकाचा फोटो, खाली हाताने लिहिलेलं ‘सरांना निरोप’. हे लेबल माझं होतं. आमच्या प्रत्येक डिस्कवर लेबल मीच चिकटवायची, चमच्याच्या पाठीने हवा काढत. हे म्हणायचे, “अगं, गोंद नको. पेनाने नंबर टाकू, बस.” मी म्हणायची, “तुम्हाला काय कळतंय? गिऱ्हाइकाच्या हातात देताना जरा बरं दिसायला नको?” मग हे डिस्क माझ्यापुढे सरकवायचे. आता त्या गोंदाने कागद फुगला होता, आणि कडेला चांदीचा थरही काळवंडला होता.

डिस्क ड्राइव्हमध्ये गेली. ह्यांच्या प्रोग्रॅमची रीत मला आवडते. हुशार मुलगी पेपर सोडवते तसं सोपं ते आधी, अडलं ते सोडून पुढे, आणि काय सोडलं त्याची नोंद ठेवून मग पुन्हा मागे. मी हे सांगितल्यावर सरांनी मान डोलावली. पडद्यावर आकडे चढू लागले. वीस टक्के, चाळीस, साठ. बासष्टला ड्राइव्ह थरथरायला लागला. आतून कागद घासल्याचा आवाज आला आणि ह्यांनी झटकन डिस्क बाहेर काढली.

लेबलाची एक बाजू उठली होती.

जेवढं उतरलं होतं तेवढं ह्यांनी लावून पाहिलं. संस्थेचे अध्यक्ष बोलत होते. पुढे ढकलून पाहिलं, तरी अध्यक्षच. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते, आणि सर बोलले होते सर्वांत शेवटी. म्हणजे अध्यक्षांचा शब्द न् शब्द सुखरूप आणि सरांचं भाषण नेमकं त्या काळवंडलेल्या कडेला. मला हसावं की रडावं कळेना.

“सर, हे उठलेलं काढावं लागेल,” हे म्हणाले. “काढताना चांदी निघाली तर तेवढं कायमचं गेलं. आणि नाही काढलं तर आत अडकून डिस्कच फुटेल.”

सरांनी लिहिलं, ‘काढा.’ मग खाली लिहिलं, ‘लेबल कुणी लावलं होतं?’

“मीच,” हे म्हणाले. “तेव्हा अक्कल नव्हती.”

मी तिथेच उभी होते. फक्त चिमटा ह्यांच्या हातात दिला. स्वतःची इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

ह्यांनी चिमट्याने तसूतसूने कागद सोडवला. सर खुर्ची पुढे ओढून बघत होते. अर्धं लेबल निघालं. चांदीही निघाली, पण कडेला, तिळाएवढीच. डिस्क पुन्हा आत घातली तर आधीपेक्षा जास्त थरथर. एका बाजूला कागद, एका बाजूला नाही, तोल जाणारच. हे कपाळाला हात लावून बसले. उरलेलं लेबल घट्ट होतं, ते ओढलं असतं तर सगळंच गेलं असतं.

“थांबा,” मी म्हणाले.

कपाटात त्याच लेबलांचा जुना गठ्ठा होता. निघालेला तुकडा वर ठेवून मी तेवढाच नवा कापला.

“अगं, पुन्हा गोंद?” हे हळूच म्हणाले.

“आजचा दिवस टिकलं तरी पुरे.”

जिथून निघालं तिथेच नवा तुकडा बसवला. चमचा आणला, अलगद फिरवला. ह्यांनी ड्राइव्हचा वेग सगळ्यात कमी केला. नोंद होतीच, त्यामुळे काम बासष्टपासून पुढे सुरू झालं. सत्तर. मग किती तरी वेळ एकाहत्तर. चहा केला, कुणीच प्यायला नाही. उन्हं उतरली तेव्हा आकडा सत्त्याण्णववर येऊन थांबला, तो थांबलाच.

“एवढंच,” हे म्हणाले. “शेवटचं गेलं.”

लावलं. अध्यक्ष खाली बसले, टाळ्या झाल्या, काळ्या केसांचे सर माईकपाशी आले. घसा साफ केला. आणि बोलायच्या आधीच कडाडले, “मागच्या बाकावर कोण बोलतंय?”

मी दचकून ताठ झाले. हे हातातला चिमटा खाली ठेवून सरळ बसले. सरांचे खांदे हलत होते. हसत होते. चार मिनिटं भाषण चाललं. मग “आणि एक शेवटचं सांगतो” एवढं म्हणून चित्र गोठलं.

मला राहवलं नाही. “सर, लेबल मी लावलं होतं. हे नको म्हणत होते. तुमचं शेवटचं वाक्य माझ्यामुळे गेलं.”

सरांनी काढलेला तुकडा टेबलावरून उचलला. ‘सरांना निरोप’ या माझ्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि पाटीवर लिहिलं, ‘आल्या आल्या कळलं होतं. पावतीवरचं यांचं अक्षर फार वाईट आहे. चाळीस वर्षं वह्या तपासल्यात.’

मग पाटी पुसून लिहिलं, ‘सुरुवात पुन्हा दाखवा.’

ह्यांनी भाषण पहिल्यापासून सुरू केलं. “मागच्या बाकावर कोण बोलतंय?” पडद्यावरचे सर ओरडले. खुर्चीतले सर त्यांच्याबरोबर ओठ हलवत होते, शब्दाला शब्द. चित्र गोठलं, तरी त्यांचे ओठ थांबले नाहीत. गेलेलं वाक्य त्यांनी पुरं केलं. ते काय होतं, हे आम्हा दोघांनाही ऐकू आलं नाही.