शिपायाच्या खांद्यावरची जांभळी साडी

"…तो पुतळा चौकातनं काढायचाच, साहेब! धोरणात तसं लिहूनच टाकू. म्हणजे मग…"

एवढं ऐकू आलं आणि माझ्याच कुकरनं शिट्टी मारली. मेला एरवी तासभर नुसता फुसफुसत बसतो!

सांगायलाही लाज वाटते, पण चहाला बसलाच आहात तर ऐका. मी काही मुद्दाम ऐकत नव्हते हां. शेजारच्या कांबळे सरांची खिडकी माझ्या स्वयंपाकघरासमोरच आहे, आणि ते फोनवर मोठ्यानं बोलत होते. मग कान काय डब्यात घालून ठेवू? सर शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. नगरपालिकेनं त्यांना गावाचं कला धोरण ठरवायच्या समितीत घेतलं होतं. म्हणजे पुतळे, कारंजी, भिंतींवरची चित्रं कुठं असावीत आणि ती कुणी राखावीत, याचे नियम.

मी सातवी शिकलेली. धोरण मला काय कळणार? पण पुतळा कळत होता. आमच्या चौकात पुतळा एकच, हौसाक्कांच्या पांडुरंगाचा. पोरगा फौजेत होता, सीमेवर कामी आला. गल्लीनंच तो अर्धपुतळा उभा केला. आक्कांना दुसरं कुणी नाही. रोज पहाटे त्या तिथं फूल ठेवतात.

आणि हाच काढणार?

सरांना जाऊन विचारायचं की, म्हणाल. विचारलं असतं, तर मी खिडकीशी उभी होते हे त्यांना कळलं नसतं का!

तेव्हा मी गेले गिरणीत. दळण ठेवलं आणि गिरणीवाल्या शकुंतलेच्या कानात सांगितलं. कुणाला बोलू नको, असंही बजावलं. दळण होईपर्यंत तीच बातमी दुसऱ्याच एका बाईच्या तोंडून उलट माझ्याकडे आली.

"काकू, ऐकलंसा का? पांडूचा पुतळा काढून तितं कारंजं करणार हायत!"

दुपारी त्या कारंज्यात मासा आला. चारच्या चहाला माशाच्या जागी बाई आली. दिवेलागणीला त्या बाईच्या अंगावर कपडे नव्हते!

"कला म्हंत्यात म्हनं त्येला," शकुंतला म्हणाली.

"पांडूच्या जागेवर असली थेरं? आमी काय मेलोय व्हय?" मी म्हणाले. बघा, बातमी माझीच आणि मीच पेटले!

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी गेले आक्कांकडे. त्या तांदूळ निवडत होत्या. ऐकलं आणि हात सुपातच राहिला. रडल्या नाहीत. खाली बघत एवढंच म्हणाल्या, "कुठं ठेवणार गं मग त्येला?"

 आक्कांनी दोन दिवस भाकरीला हात लावला नाही. माझ्या कुकरच्या एका शिट्टीपायी!

तिसऱ्या दिवशी नगरपालिकेत हरकती ऐकायची सभा होती. गल्लीतल्या तीसेक बायका घेऊन मी पुढं. हातात पुठ्ठा, 'पुतळ्याला हात लावाल तर याद राखा'. आक्कांना पहिल्या रांगेत बसवलं आणि मी उभी राहिले.

"सर, तुमी शेजारी म्हणून मी गप बसले. पण पांडूचा पुतळा काढणार हाय का न्हाई, तेवढं सांगा!"

"काढणार आहे, काकू," सर म्हणाले.

"बघा! मी म्हणलं नव्हतं?"

सभागृहात कालवा झाला. सरांनी हात जोडले. "महिन्याभरासाठी काढायचाय. चौथऱ्याला तडे गेलेत, नाकाचा टवका उडालाय. दुरुस्त करून त्याच जागी बसवायचा. म्हणजे मग त्याच्या भोवतीचा पसाराही हटवता येईल. बघा, काय दशा आहे."

आणि पडद्यावर फोटो आला.

पांडुरंगाचा पुतळा. डोक्यावरून खांद्यावर आलेली ओली जांभळी साडी. चौथऱ्यावर ओळीनं कुरडया वाळत घातलेल्या. गळ्यात बांधलेली नायलॉनची दोरी, तिचं दुसरं टोक कुणाच्या तरी गॅलरीला.

सगळी सभा फिदीफिदी हसली. मीही हसले! "कोण गं ही अवदसा," म्हणाले.

शकुंतला कानाशी वाकली. तिचं हळू बोलणं म्हणजे लाउडस्पीकरच. "आवं काकू, ही साडी तुमचीच की! हळदीकुंकवाला नेसलावता ती."

मी बघितलं. साडी माझी, कुरडया माझ्या. गॅलरीसुद्धा माझीच. हातातला पुठ्ठा मी तोंडापुढं धरला, तर 'पुतळ्याला हात लावाल तर याद राखा' हे सगळ्या सभेला आणखीच मोठं दिसलं.

कित्येक वर्षं तो कट्टा म्हणजे माझं हक्काचं वाळवण. ऊन तिथं चांगलं येतं हो! पांडू लहानपणी माझ्याच ओसरीवर खेळलेला, त्याच्या गळ्यात दोरी बांधताना मला एकदाही काही वाटू नये?

मी आक्कांच्या पायाशी बसले. "आक्का, एकदा तरी बोलायचं हुतं की!"

"काय बोलायचं? पहाटं साडी सरकवून फूल ठिवत व्हते, परत व्हती तशी करत व्हते." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "आन् ऊन लय आसतंय गं तितं. पोराला तेवढीच सावली."

तोंडात मारली असती तर बरं झालं असतं.

पुतळा खरंच काढला. मऊ गोधडीत गुंडाळून ट्रॉलीत ठेवला, आक्का सोबत वेशीपर्यंत गेल्या. महिन्यानं परत आला, नवं नाक घेऊन. दोरी तेवढी परत आली नाही. धोरणात कलमच आहे, 'कोणत्याही कलाकृतीस दोरी बांधू नये अथवा तिच्यावर वाळवण घालू नये.' नगरपालिकेतले लोक त्याला रंजनाकाकूंचं कलम म्हणतात.

परवा आक्का भेटल्या. म्हणाल्या, "रंजे, तुझी बातमी अगदीच खोटी न्हवती बघ. चौकातनं काढायचं व्हतंच की."

"काय, आक्का?"

"तुझी साडी."