महालाची पांढरी माती

ही गोष्ट मी बायकोजवळही काढलेली नाही. ती गेली तेव्हा वाटलं होतं, आता तरी मोकळं व्हावं, निदान तिच्या फोटोला सांगावं — तेही जमलं नाही. तुम्ही ओळखीचे नाही हे बरंच आहे. ओळखीच्या माणसाने मध्येच "जाऊ द्या हो मास्तर" म्हटलं असतं, आणि मी खरंच जाऊ दिलं असतं.

आमचं गाव तापीच्या काठावर, शिरपूर तालुक्यात. थाळनेरला फारुकी सुलतानांच्या कबरी घुमटांसकट अजून उभ्या आहेत. आमच्याकडे त्यांचा एक महाल होता म्हणतात. हे "म्हणतात" मला फार लागायचं. गावाबाहेर नदीच्या अंगाला एक टेकाड, त्याच्या पोटात विटांच्या भिंती, एका बाजूला हौदाचा कोपरा — एवढाच काय तो महाल. बाकीचा गावाने पिढ्यान् पिढ्या घरी नेला. ओट्याला त्याचे दगड, गोठ्याला त्याच्या विटा, धुणं आपटायला त्याच्या खांबाचं बूड. मी शाळेत इतिहास शिकवायचो. पोरांना टेकाडावर नेऊन सांगायचो, इथे राजा बसायचा. वीट उचलणाऱ्यावर मी भर चौकात ओरडलेलो आहे. गाव मागून हसायचं — सुलतान मेला आणि मास्तरला वारस करून गेला.

माती मात्र मला अडवता येत नव्हती. आमच्याकडची जुनी घरं धाब्याची, म्हणजे छपरावर मातीचा थर. पावसाळ्याआधी त्यावर टेकाडाची पांढरी माती पसरली की पाणी गळत नाही. हा गावाचा जुना हक्क. आणि ती माती काढायची एक रीत आहे, शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली: आधी पहारीने वरचा माथा पाडायचा, मग पडलेली माती पाटीत भरायची. पोटातून कोरायचं नाही. कोरलं की वरचं कधी अंगावर येईल याचा नेम नसतो.

मला हे ठाऊक होतं का? — होतं. चांगलं ठाऊक होतं.

एका उन्हाळ्यात टेकाडाच्या कडेला, माथ्याच्या जरा खाली, मला निळी फरशी दिसली. झिलईची, मातीत गाडलेल्या भिंतीवर बसवलेली. बोटभरच दिसत होती, पण माझा जीव वरखाली झाला. ही भिंत उघडी पडली तर आमचा महाल खरा ठरणार होता — आणि तो जगाला दाखवणारा मी. पण खणणार कोण? मी कुदळ लावली असती तर ज्यांच्यावर ओरडलो त्यांनीच माझी गचांडी धरली असती.

अशात एका सकाळी द्वारकाअक्का माती न्यायला आल्या. विधवा बाई, एकट्या राहायच्या, लेक सावद्याला दिलेली. नेमक्या त्याच कडेला पहार घेऊन माथा पाडायला निघाल्या. माथा पडला असता तर भिंतही फरशीसकट खाली आली असती.

मी म्हणालो, "अक्का, माथा नका पाडू. खालतीन काढा, आठली माटी बेस शे."

त्यांनी एकदा वर पाहिलं. "काही व्हणार नही ना, मास्तर?"

नाही म्हणालो. आणि त्यांनी पहार बाजूला ठेवली. मास्तर सांगतात म्हणजे बरोबरच असणार — आणखी काय?

खालची माती निघाली की भिंतीचा पाया दिसेल, असा माझा हिशोब. मी निंबाच्या सावलीला बसलो. अक्का कोरत गेल्या, मी बघत राहिलो. त्या कमरेपर्यंत आत गेल्या. उठून "बास, अक्का" म्हणायला काय लागत होतं? पण भिंत वीतभर आणखी मोकळी होत होती — मी नाही उठलो. मग माथा आला. आवाजसुद्धा फार झाला नाही.

आता पुढचं. धुरळा खाली बसला तेव्हा माझी नजर आधी फरशीकडे गेली. ती फुटली का, हे मी पाहिलं. अक्कांचा एक पाय बाहेर दिसत होता, आणि मी फरशी पाहत होतो. मग ओरडत गावाकडे पळालो.

लोकांनी हातांनी माती ओढली. अक्का संपल्या होत्या. तेव्हा गावातले एक म्हातारे नाना म्हणाले, "बाईना जलम गया माटी काढामा. माथा का बरं नही पाडा तिनी?" प्रश्न रास्त होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी — उचलली जीभ, लावली टाळ्याला — म्हणालो, त्यांना आत काहीतरी चमकताना दिसलं, मी नको नको म्हणत होतो, ऐकलं नाही.

सोनं हा शब्द मी उच्चारला नव्हता. पण महालाच्या मातीत काय चमकतं, हे गावाला शिकवावं लागतं का? संध्याकाळपर्यंत अक्का सोन्याच्या हव्यासाने मेल्या होत्या. आता बाहेरून येणाऱ्यांनाही तेच सांगतात, सुलतानाचं धन बळी घेतं म्हणून. लोक तिथे उभे राहून फोटो काढतात. मीही सांगितलंय — पुष्कळदा. फरशीचा तर चुरा झाला होता, भिंत पुढच्या पावसाळ्यात बसली.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अक्कांची लेक मंदा गावी आली. आखाजीला आमच्याकडे घरातल्या गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, तिला आमरस-पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. मंदाच्या काकाने आपल्या या वहिनीची घागर कधीच भरली नाही. लोभाने मेली, घराण्याचं नाव घालवलं, म्हणतो. मंदा माझ्या ओट्यावर येऊन बसली. माझीच विद्यार्थिनी.

"मास्तर, मनी माय लोभी नव्हती. काका तुमनं ऐकस. तुम्ही तठेच व्हतात. खरं काय ते एकडाव सांगा त्याले, मंग तो घागर भरी."

एक वाक्य पुरे होतं. पण त्यामागून दुसरं आलंच असतं — मग माथा पाडू नका म्हणून सांगितलं कुणी? या वयात गावात तोंड कसं दाखवायचं, एवढंच माझ्या मनात आलं. अक्का आल्याच नाहीत.

मी म्हणालो, "मंदा, मी देखेल शे. तुनी माय सोनासाठेच आत गयी व्हती."

 ती पदराने डोळे पुसून उठली आणि सणाचा दिवस म्हणून माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला.